भेट की विष?

प्रयोगशाळेच्या कपाटात जुनी जर्मन बाटली सापडली आणि तिच्यावर ‘गिफ्ट’ असे लिहिलेले असले, तर ती भेट समजून उघडू नका! जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. स्वीडिशमध्ये तर याच अक्षरांचे ‘विष’ आणि ‘विवाहित’ असे दोन अर्थ होतात.

या सर्वांचे मूळ एकच : ‘देणे’. भेट दिली जाते; ‘मुलगी दिली’ असे आपणही म्हणतो. पण विष कसे? ग्रीक भाषेत औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’, म्हणजे ‘देणे’, म्हणत. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ वापरात आला आणि दिलेल्या औषधाचे हळूहळू विष झाले. आपला ‘डोस’ही त्या ‘डोसिस’चाच वंशज.

मात्राच विष ठरवते, असे पॅरासेल्सस या वैद्याने १५३८ मध्ये लिहिले. तेव्हा लेबल वाचताना भाषाही पाहा!