यकृतावरील डाग आणि तीन आठवडे

गतवर्षी आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या, नेहमीच्या सोनोग्राफीत यकृतावर दोन सेंटिमीटरचा डाग आढळला. डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करण्याचा सल्ला दिला. हळदीच्या अडतीत उभे आयुष्य काढलेले अण्णा हटून बसले. ‘‘मशीनमध्ये झोपतो, पण ते औषध शिरेत नको. मूत्रपिंड जाते म्हणतात.’’ या हट्टात तीन आठवडे गेले. घरात कोणी उघड बोलत नव्हते. पण वहिनींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अखेर मीच अण्णांना रेडिऑलॉजिस्टकडे घेऊन गेलो. तेथे जे उमगले ते प्रत्येक घरी ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या औषधात गॅडोलिनियम हा धातू असतो. चुंबकीय क्षेत्रात तो जवळच्या पाण्याच्या रेणूंवर प्रभाव टाकतो आणि जेथे औषध पोचते तो भाग चित्रात उजळतो. यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, उरलेले धमनीतून. यकृतपेशींचा कर्करोग मात्र बहुधा धमनीच्या रक्तावर पोसतो. म्हणून तो साधारण अर्ध्या मिनिटात उजळतो व नंतर भोवतालापेक्षा काळवंडतो. याउलट हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका, बहुधा कडेकडेने उजळत सावकाश मध्यापर्यंत भरतो. केवळ शिल्लक पाहून खात्याचा व्यवहार कळत नाही, आवक-जावक पाहावी लागते, तसेच हे.

गॅडॉक्सेटिक ॲसिड या औषधाचा तर जवळजवळ निम्मा भाग यकृतपेशी उचलतात व पित्तावाटे बाहेर टाकतात. २० मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी यकृत उजळते आणि ज्या गाठीत कार्यक्षम यकृतपेशी नाहीत ती काळसर उठून दिसते.

अण्णांची भीती अगदीच निराधार नव्हती. सुटे गॅडोलिनियम विषारी असते. म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत बंदिस्त करून देतात. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा या औषधांनंतर कडक होते, हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला आणि नियम कठोर झाले. २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने सैल पकडीच्या अनेक औषधांचा शिरेतून वापर स्थगित केला. गॅडॉक्सेटिक ॲसिडसह दोन औषधांना केवळ यकृताच्या तपासणीपुरती मुभा ठेवली.

तेव्हा औषध नाकारण्यापेक्षा माहिती द्यावी. मूत्रपिंडाचा विकार, डायलिसिस, मधुमेह, पूर्वीची ॲलर्जी, गर्भारपण, पेसमेकर अथवा शरीरातील धातू, यांतील काहीही दडवू नये. क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा. औषध कोणते व का, हे निःसंकोच विचारावे.

अण्णांचे क्रिएटिनिन ठीक होते. तपासणी झाली, डाग हिमँजिओमाचा निघाला. उपचारांची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘निकाल चांगला आला, खरे. पण तुझ्या वहिनीचे हे तीन आठवडे कोणाच्या खाती मांडायचे?’’

मी काही बोललो नाही. खाते कोणाचे, हे त्यांना ठाऊक होते.