एकाच गेमला ८६ आणि ५७!

१० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ हा गेम जगभर विक्रीला आला. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ने त्याची घोषणा २०१२ मध्येच केली होती, चाहते आठ वर्षं डोळे लावून बसले होते. प्रकाशनाआधी आलेल्या समीक्षा बहुतांशी कौतुकाच्या होत्या. जगभरच्या समीक्षांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर त्याच्या कॉम्प्युटर आवृत्तीला १०० पैकी ८६ गुण आहेत. त्याच गेमच्या ‘प्लेस्टेशन ४’ आवृत्तीला ५७.

कथा तीच, नाइट सिटी हे शहर तेच, अभिनेता किआनू रीव्हजचं पात्रही तेच. बदललं होतं ते फक्त यंत्र. जुन्या कन्सोलवर चित्र अडखळत होतं, इमारतींचे तपशील उशिरा उमटत होते आणि ऐन रंगात आलेला गेम बंद पडत होता. कंपनीने समीक्षकांना आगाऊ दिली होती ती फक्त कॉम्प्युटरची प्रत. तिची स्वतः टिपलेली दृश्यं प्रकाशनाआधी दाखवायलाही मनाई होती. त्यामुळे जुना कन्सोल असलेल्या लाखो लोकांनी जी समीक्षा वाचली, ती त्यांच्या हातात पडणार असलेल्या गेमची नव्हतीच. कंपनीने जाहीर माफी मागितली, पैसे परत करण्याची तयारी दाखवली. आठवडाभरात ‘प्लेस्टेशन’वाल्या सोनीने तो गेम आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. तो परत यायला जून २०२१ उजाडला.

गेमच्या समीक्षेपुढची मुख्य अडचण इथे दिसते. सिनेमाच्या समीक्षकाने पाहिलेला चित्रपट आणि प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट सहसा एकच असतो. गेम मात्र यंत्रागणिक, खेळणाऱ्या हातागणिक आणि महिन्यागणिकही बदलतो. म्हणून मुरलेला समीक्षक एखादी गोष्ट खटकली, की लगेच गुण कापत नाही. आधी तो विचारतो, हा बिघाड आहे, निर्मात्याचा चुकलेला निर्णय आहे, की मलाच न रुचलेली गोष्ट आहे? चांगली समीक्षा आणि नुसती कुरकुर यांतला फरक या वर्गवारीत आहे.

बिघाड ओळखणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तो मोजता येतो. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं उमटत असतील तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकतं. ६० उमटत असतील तर साधारण १७. हा आकडा वरखाली होऊ लागला, की खेळाडूला कारण कळो न कळो, खेळ ‘जड’ वाटू लागतो. ब्रिटनमधला ‘डिजिटल फाउंड्री’ हा गट अशी मोजमापंच करतो: कोणत्या कन्सोलवर गेम कुठे अडखळतो, कुठे चित्राची स्पष्टता घसरते. पण बिघाड दुरुस्तही होतो. ‘सायबरपंक’चंच उदाहरण पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची २.० ही सुधारित आवृत्ती आणि ‘फँटम लिबर्टी’ हा नवा भाग आला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी चेष्टेचा विषय झालेल्या गेमचं समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं. २०१६ मध्ये आश्वासनं न पाळल्याबद्दल शिव्या खाल्लेला ‘नो मॅन्स स्काय’ही वर्षानुवर्षांच्या मोफत सुधारणांनंतर खेळाडूंच्या पसंतीस उतरला. पहिल्या दिवशीच्या समीक्षा मात्र अजूनही तशाच उभ्या आहेत. तेव्हाच्या गेमपुरत्या त्या खऱ्याही आहेत.

दुसरा प्रकार अवघड. इथे काहीच मोडलेलं नसतं, तरी काहीतरी बिनसलेलं असतं. समीक्षकाला ते कागदावर आणण्याआधी हाताला जाणवतं. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा गेम डोंगर चढणाऱ्या एका मुलीचा आहे. त्यात उड्या अचूक माराव्या लागतात, तरीही बहुतेकांना तो अन्यायकारक वाटत नाही. कारण कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडीचं बटण चालतं. खेळाडूला वाटतं आपण वेळेवर उडी मारली. वास्तविक गेमने त्याला गुपचूप सांभाळून घेतलेलं असतं. ‘हाताळणी उत्तम’ हे दोन शब्द समीक्षेत येतात, तेव्हा त्यामागे अशा अनेक अदृश्य सवलती असतात. त्या नसल्या की तीच उडी वैतागवाणी होते आणि बिचारा खेळाडू दोष स्वतःच्या बोटांना देतो.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात, महाल राजस्थानी वास्तुकलेची आठवण देतात आणि रंगसंगतीवर पहाडी चित्रशैलीची छाप आहे. परदेशी समीक्षकांनी या दृश्यरूपाला आणि संगीताला भरभरून दाद दिली. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. पण त्याच समीक्षांमध्ये तक्रारीही होत्या: लढाईत फटका नेमका कुठे बसेल याचा भरवसा नाही, कॅमेऱ्याचा कोन ऐनवेळी अडचणीत आणतो, गेम काही तासांत संपतो आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा वाटतो.

यातली एकही तक्रार देशाभिमानाने खोडण्यासारखी नव्हती आणि एकाही तक्रारीने त्या चित्रकलेचं मोल कमी झालं नाही. पुढे २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईवर पुन्हा काम केलं होतं आणि हिंदी आवाजांचीही भर होती. नेमका दोष दाखवणारी समीक्षा निर्मात्याच्याही कामी येते ती अशी.

तिसरा प्रकार आवडीनिवडीचा, आणि सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. टोकियोच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’चा ‘सेकिरो’ मार्च २०१९ मध्ये आला. त्यात सोपी, मध्यम, कठीण अशी निवडच नाही. एकेका शत्रूपुढे खेळाडू पन्नासदा मरतो. काहींनी हा उद्धटपणा मानला. काहींचं म्हणणं, हरत हरत शिकणं हाच इथला आशय आहे, तो काढला तर उरणार काय? त्याच कंपनीने २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आणला. त्यातही सोपी पातळी नाही, पण जग मोकळं आहे. एक शत्रू आवरेना तर घोड्यावर टाच मारून दुसरीकडे जावं, बळ वाढवून परत यावं. ‘सेलेस्ट’ने वेगळी वाट काढली: खेळाचा वेग कमी करण्याची, मरणच बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये देऊन ठेवली. तिन्ही गेम समीक्षकांनी उचलून धरले. ‘कठीण आहे’ हा तेव्हा गुणही नाही आणि दोषही नाही. ते काठिण्य गेमच्या हेतूला धरून आहे का आणि हरल्यावर ‘माझं काय चुकलं’ हे खेळाडूला कळतं का, हे समीक्षकाने सांगायचं असतं.

मग समीक्षक स्वतः किती तरबेज असावा? २०१७ मध्ये ‘कपहेड’ या गेमच्या अगदी सुरुवातीच्या सरावात धडपडणाऱ्या एका अमेरिकी पत्रकाराचा व्हिडिओ पसरला आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. ती क्रूर असली, तरी प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र एकेरी नाही. नवख्या माणसाचा अनुभव नवख्या वाचकाला उपयोगी पडतो, तर शंभर तास खेळलेल्याला दिसणाऱ्या फटी पाच तासांत दिसत नाहीत. आपण कुठपर्यंत पोचलो, हे समीक्षकाने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणजे पुरे.

अलीकडे आणखी एक कसोटी वाढली आहे, पैशांची. २०१७ च्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये ताकद वाढवणाऱ्या वस्तू नशिबाच्या पेट्यांतून मिळत आणि त्या पेट्या खऱ्या पैशांनीही घेता येत. एवढा गदारोळ झाला, की ‘ईए’ कंपनीला प्रकाशनाच्या तोंडावर ही विक्री थांबवावी लागली. त्यानंतरच्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. काही कंपन्या यातून भलतंच शिकल्या. ‘क्रॅश टीम रेसिंग’ची नवी आवृत्ती जून २०१९ मध्ये आली, समीक्षा चांगल्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये आत पैशांचं दुकान उघडलं. ज्याचं परीक्षण झालं तो गेम दोन महिन्यांत वेगळाच झाला होता.

एवढं सगळं शेवटी एका आकड्यात कोंबलं जातं. जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात. ४० पैकी ४० मिळवणारा पहिला गेम होता १९९८ चा ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’. ही चौघांची पद्धत निदान मतभेद झाकत नाही. मेटाक्रिटिक मात्र सगळ्यांना एका सरासरीत बसवतं, आणि त्याच्या पट्ट्याही पाहण्यासारख्या आहेत: सिनेमाला ६१ गुणांपासून ‘चांगला’चा हिरवा रंग मिळतो, गेमला ७५ पासून. पस्तीसला पास होण्याची सवय असलेल्या आपल्याला नवल वाटेल, पण गेमच्या जगात सत्तर म्हणजे जवळपास काठावरचा विद्यार्थी.

या आकड्यावर लोकांचे पैसेही अडकतात. २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ने मेटाक्रिटिकवर ८५ गाठले असते तर तो बनवणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. स्टुडिओच्या ख्रिस ॲव्हलोन यांनी २०१२ मध्ये हे उघड केलं. समीक्षकांनी तेव्हा त्यातल्या बिघाडांवर बोट ठेवलं होतं, तेही बरोबरच. पण आज त्या मालिकेतला सर्वोत्तम गेम कोणता, असं विचारलं तर असंख्य चाहते ‘न्यू व्हेगस’चंच नाव घेतात.

समीक्षकावरचा दबावही खोटा नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळाने आपले समीक्षक जेफ गर्स्टमन यांना कामावरून काढलं. ‘केन अँड लिंच’ला त्यांनी १० पैकी ६ दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिराती संकेतस्थळावर झळकत होत्या. काढण्याचं कारण अशा समीक्षांशीच निगडित होतं, हे गर्स्टमन यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं.

मग समीक्षक सोडून थेट खेळाडूंचंच मत घ्यावं? जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आला, तेव्हा समीक्षकांची सरासरी नव्वदीच्या वर होती. खेळाडूंचे गुण मात्र काही तासांत रसातळाला गेले. गेम पूर्ण खेळायला वीसेक तास लागतात, म्हणजे मत देणाऱ्या अनेकांनी तो संपवलेला असणं शक्यच नव्हतं. राग होता कथेतल्या वळणांवर आणि पात्रांवर. त्यानंतर मेटाक्रिटिकने प्रकाशनानंतरचे पहिले ३६ तास खेळाडूंना गुण देण्यास बंदी घातली.

म्हणून पुढच्या वेळी घरातलं पोर दोन-तीन हजारांचा गेम मागेल, तेव्हा आकडा शेवटी बघा. समीक्षा कोणत्या यंत्रावर खेळून लिहिली आहे, समीक्षकाने गेम संपवला होता का, आत आणखी पैसे मागितले जातात का आणि दाखवलेला दोष बिघाड आहे की आवडीचा भाग, हे आधी शोधा. तरीही अंदाज चुकलाच, तर ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर, परत करता येतो.