राष्ट्रीय सुरक्षा आणि पोलादावरील आयात शुल्क : १९२४ चा कायदा, समकालीन धोरण व धाराशिव जिल्हा

प्रस्तावना :

पोलाद हा आधुनिक औद्योगिक व्यवस्थेचा कणा मानला जातो. रेल्वेचे रूळ, पूल, यंत्रे, जहाजे, तोफा आणि नांगराचा फाळ या सर्वांसाठी पोलाद लागते. त्यामुळे पोलाद परदेशातून आणावे की देशातच तयार करावे, हा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. तो राष्ट्राच्या संरक्षणसिद्धतेचाही प्रश्न बनतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ८ मार्च २०१८ रोजी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आयात पोलादावर २५ टक्के शुल्क जाहीर केले. या घटनेनंतर जगभर या प्रश्नाची नव्याने चर्चा सुरू झाली. तथापि, भारताला हा प्रश्न नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर येथे आयोग बसला, चौकशी झाली आणि कायदाही झाला. त्या चौकशी मंडळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक सदस्य होते.

धाराशिव जिल्ह्यात पोलादाचा मोठा कारखाना नाही; हा जिल्हा पोलाद वापरणारा आहे. शुल्काची चर्चा बहुधा उत्पादकाच्या बाजूने होते आणि वापरणाऱ्याची बाजू मागे पडते. म्हणूनच या जिल्ह्याच्या दृष्टीने विषयाची मांडणी करणे आवश्यक वाटते.

उद्दिष्टे :

१) राष्ट्रीय सुरक्षेच्या आधारे लावल्या जाणाऱ्या शुल्काची संकल्पना स्पष्ट करणे.
२) १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्यामागील विचार समजून घेणे.
३) २०१८ नंतरच्या अमेरिकी व भारतीय शुल्कांतील भेद मांडणे.
४) या धोरणांचा धाराशिवसारख्या ग्राहक जिल्ह्याशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनसामग्रीवर आधारित आहे. लेखातील किमतीचे उदाहरण केवळ संकल्पना स्पष्ट करण्यासाठी घेतले आहे.

विषय विवेचन :

अ) सुरक्षेच्या युक्तिवादाचे स्वरूप

मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञही एक अपवाद मान्य करत आले आहेत. तो म्हणजे संरक्षणाचा. अॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात संपत्तीपेक्षा संरक्षणाला अधिक महत्त्व दिले होते. युद्धकाळात सागरी मार्ग बंद झाले, तर स्वस्त परदेशी पोलाद मिळणार नाही, आणि बंद पडलेली भट्टी आयत्या वेळी पेटवता येत नाही. म्हणून शांततेच्या काळात थोडी अधिक किंमत देऊन देशी उत्पादनक्षमता जिवंत ठेवावी, असा हा युक्तिवाद आहे. तो मुळात विम्यासारखा आहे. विम्याबाबत जे प्रश्न विचारले जातात, तेच येथेही विचारावे लागतात : धोका खरा आहे काय, हप्ता किती, तो कोण भरणार आणि किती वर्षे?

अमेरिकेत या युक्तिवादाला १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम २३२ चा आधार आहे. या कलमानुसार वाणिज्य खाते २७० दिवसांत चौकशी अहवाल देते आणि त्यानंतर ९० दिवसांत अध्यक्षांनी निर्णय घ्यावयाचा असतो. पोलादाबाबतची चौकशी एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या अहवालात देशी कारखान्यांच्या क्षमतेचा वापर ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे लक्ष्य होते. त्याच वेळी अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी लष्कराची पोलादाची गरज देशी उत्पादनाच्या सुमारे ३ टक्केच असल्याचे कळवले होते. म्हणजेच येथे ‘सुरक्षा’ या शब्दाचा अर्थ रणभूमीपुरता मर्यादित राहिला नाही. संपूर्ण उद्योगाची आर्थिक प्रकृती सुरक्षेच्या व्याख्येत आली. संज्ञेचा हा विस्तारच या विषयातील वादाचे मूळ होय.

ब) भारतीय पूर्वानुभव : १९१४ ते १९४७

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची स्थापना १९०७ मध्ये झाली आणि साकची येथे १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले. युरोपातून येणारे पोलाद दुर्मीळ झाले आणि मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन व पूर्व आफ्रिका येथील लष्करी रेल्वेमार्गांसाठी साकचीचे रूळ गेले. या सेवेची दखल म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी जानेवारी १९१९ मध्ये साकचीला जमशेदपूर हे नाव दिले. युद्ध संपताच मात्र चित्र पालटले. परदेशी पोलाद स्वस्त दराने भारतीय बंदरांत उतरू लागले आणि ज्या कारखान्याने साम्राज्याची गरज भागवली होती, तोच अडचणीत आला.

अशा परिस्थितीत १९२१ मध्ये सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली राजकोषीय आयोग नेमला गेला. आयोगाने सरसकट संरक्षणाऐवजी विवेकी संरक्षणाचे धोरण सुचवले. त्यासाठी त्रिसूत्री मांडली : उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणाशिवाय त्याचा पुरेसा विकास होणे शक्य नसावे आणि कालांतराने तो संरक्षणाविना जागतिक स्पर्धेत उभा राहू शकेल असा असावा. राष्ट्राच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक उद्योगांना मात्र ही त्रिसूत्री लावू नये, अशीही शिफारस होती. सुरक्षेचा अपवाद भारतीय धोरणात अशा रीतीने १९२२ मध्येच नोंदवला गेला.

१९२३ मध्ये नेमलेल्या टॅरिफ बोर्डाचे, म्हणजे जकात मंडळाचे, अध्यक्ष जॉर्ज रेनी होते. पी. पी. गिनवाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वामन गोविंद काळे हे सदस्य होते. पुढे १९३५ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच प्रा. काळे. मंडळापुढील पहिला मोठा विषय पोलादाचा होता. येथे एक बाब लक्षणीय ठरते. सुरक्षेचा अपवाद हाताशी असतानाही मंडळाने पोलादाला त्रिसूत्रीच्या कसोटीवर घासले. कच्च्या लोखंडाची, कोळशाची व बाजारपेठेची अनुकूलता तपासली, उत्पादनखर्च पाहिला आणि मगच संरक्षणाची शिफारस केली. सुरक्षेचे कारण पूरक राहिले. त्याने चौकशीची जागा घेतली नाही.

त्यानुसार जून १९२४ मध्ये पोलाद उद्योग संरक्षण कायदा झाला. त्याची तीन वैशिष्ट्ये होती. पहिले, मुदत ३१ मार्च १९२७ पर्यंतच होती. दुसरे, शुल्क मालाच्या प्रकारानुसार वेगवेगळे होते. सळयांवर टनामागे ४० रुपये, तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ४५ रुपये. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, रेल्वेच्या जड रुळांना मुख्यतः बाउंटीचा, म्हणजे उत्पादन अनुदानाचा, आधार दिला गेला. ते टनामागे पहिल्या वर्षी ३२, दुसऱ्या वर्षी २६ आणि तिसऱ्या वर्षी २० रुपये असे उतरते होते. शुल्काचा भार वस्तू विकत घेणाऱ्यावर पडतो, तर अनुदानाचा भार सरकारी तिजोरीवर. हा भेद १९२४ मध्ये स्पष्टपणे ओळखला गेला होता.

पुढील टप्पा मात्र निर्दोष नव्हता. १९२७ च्या कायद्याने अनुदान बंद केले आणि बिगर-ब्रिटिश पोलादावर अधिक शुल्क लावून ब्रिटिश पोलादाला सवलत दिली. साम्राज्याचे हित आणि भारताचे हित यांची अशी सरमिसळ झाली, हा त्या काळातील राष्ट्रीय नेत्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही मुदतवाढ प्रत्येक वेळी कायद्याने झाली आणि १९४७ मध्ये पोलादाचे संरक्षण संपले. त्रिसूत्रीतील तिसरी अट अशा प्रकारे पूर्ण झाली.

क) तत्कालीन धाराशिव : दुहेरी भार

१९२४ मध्ये आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाला स्वतःचे बंदर नव्हते. परदेशी माल मुंबईसारख्या ब्रिटिश बंदरात उतरे व तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे शुल्क भरूनच पुढे येई. संस्थानाच्या हद्दीवर निजामाचे करोडगिरी खाते पुन्हा ५ टक्के जकात घेई. बार्शी ब्रिटिश मुलखात, तर येडशी व ढोकी संस्थानात. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही हद्द ओलांडूनच जात असे. त्यामुळे परदेशी पत्रा किंवा लोखंडी सामान घेणाऱ्या येथील शेतकऱ्यावर दोन सरकारांच्या शुल्काचा भार पडत होता. आणि १९२४ चा कायदा करणाऱ्या दिल्लीच्या विधिमंडळात त्याचा एकही प्रतिनिधी नव्हता. शुल्क कोण ठरवतो आणि कोण भरतो यांतील अंतराचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

ड) २०१८ नंतरचा काळ : पोलादाचे उत्तर हरभऱ्याने

अमेरिकेच्या २०१८ च्या शुल्कातून काही देशांना सूट वा कोटा मिळाला. भारताला मिळाला नाही. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि १६ जून २०१९ पासून २८ अमेरिकी वस्तूंवर वाढीव शुल्क लावले. त्यांत बदाम, अक्रोड व सफरचंदांबरोबर हरभरा आणि मसूर होते. पोलादावरून सुरू झालेला वाद अशा रीतीने कडधान्यापर्यंत पोहोचला. हरभरा हे धाराशिव जिल्ह्यातील रब्बीचे प्रमुख पीक आहे. भारताची हरभऱ्याची आयात प्रामुख्याने ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून होत आल्याने येथील भावावर या शुल्काचा मोठा परिणाम झाला असे म्हणता येणार नाही. तथापि, हे शुल्क शेतकऱ्याच्या हितासाठी लावले नव्हते आणि जून २०२३ मधील भारत-अमेरिका तडजोडीनंतर ते मागे घेतले गेले, तेही अन्य कारणांसाठी. शेतमाल येथे केवळ वाटाघाटीचे साधन ठरला, ही बाब कृषिप्रधान जिल्ह्याने ध्यानात घेण्यासारखी आहे.

दरम्यान, चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड व तुर्कस्तान यांच्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने डिसेंबर २०२२ मध्ये निर्णय दिला. गॅट कराराच्या २१ व्या कलमातील सुरक्षेचा अपवाद युद्ध वा आंतरराष्ट्रीय संबंधांतील आणीबाणीच्या काळापुरता असून अमेरिकी शुल्क त्यात बसत नाही, असा त्याचा आशय होता. अमेरिकेने अपील केले. अपील मंडळच कार्यरत नसल्याने निर्णय अंमलात आला नाही. पुढे १२ मार्च २०२५ पासून देशांना दिलेल्या सवलती रद्द करून २५ टक्के शुल्क लागू झाले आणि ४ जून २०२५ पासून ते बहुतेक देशांसाठी ५० टक्के करण्यात आले.

इ) भारताचे २०२५ चे शुल्क आणि जिल्ह्यातील ग्राहक

मोठ्या बाजारपेठेची दारे बंद झाली की तेथे जाणारा माल इतरत्र वळतो. भारतातील पोलाद उत्पादकांनी अशीच भीती व्यक्त केली. आयात अचानक वाढल्याच्या कारणावरून भारत सरकारने २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी सपाट पोलादी मालावर १२ टक्के तात्पुरते बचाव शुल्क लावले. ३० डिसेंबर २०२५ रोजी ते तीन वर्षांसाठी निश्चित झाले : पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के. या शुल्काचा कायदेशीर आधार राष्ट्रीय सुरक्षा हा नाही. चौकशी, मुदत आणि उतरता दर ही त्याची वैशिष्ट्ये असून ती १९२४ च्या परंपरेशी जुळतात.

‘सपाट माल’ म्हणजे कॉइल, प्लेट, साधा व रंगीत पत्रा. बांधकामाची सळई ही ‘लांब माल’ या वर्गात मोडते. जालन्यातील भट्ट्यांमध्ये प्रामुख्याने भंगार व स्पंज आयर्न वितळवून तयार होणाऱ्या सळईला हे शुल्क थेट लागू नाही. म्हणून घर बांधणाऱ्याच्या सळईचा भाव या शुल्कामुळे वाढला, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याची टाकी, जनावरांच्या गोठ्यावरील रंगीत पत्रा, साखर कारखान्यातील टाक्या आणि भूम, वाशी परिसरातील पवनचक्क्यांचे मनोरे मात्र सपाट पोलादापासून बनतात.

परिणाम कसा पोहोचतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. आयात पत्र्याची किंमत टनास ५०,००० रुपये धरल्यास १२ टक्क्यांनी ती ५६,००० होते. देशी उत्पादकाला पूर्वी ५०,००० च्या आसपास विकावे लागत होते. आता त्याला ५६,००० पर्यंत भाव वाढवण्यास वाव मिळतो. म्हणजे परदेशी पत्रा कधीही न घेणारा ट्रॉली बनवणारा कारागीरही जादा किंमत देऊ शकतो. सरकारी तिजोरीत फक्त आयात मालावरील शुल्क जमा होते; देशी मालावरील वाढ उत्पादकाकडे जाते. २०१८ मध्ये ज्या जिल्ह्याचा समावेश नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला, त्या जिल्ह्यातील कारागीर व शेतकरी यांच्यासाठी टनामागे काही हजारांचा फरक क्षुल्लक नसतो.

निष्कर्ष :

१) पोलादासाठी सुरक्षेचा युक्तिवाद निराधार नाही. १९१४ ते १९१८ चा भारतीय अनुभव त्याची साक्ष देतो.
२) सुरक्षेची व्याख्या जितकी सैल, तितकी शुल्कावरील मर्यादा सैल होते. १९२७ मध्ये साम्राज्याच्या हिताने आणि २०१८ मध्ये उद्योगाच्या नफ्याच्या विचाराने ही व्याख्या ताणली गेली.
३) सुरक्षेचे लाभ संपूर्ण राष्ट्राला होतात. त्यामुळे त्याचा खर्चही राष्ट्राने उचलणे न्याय्य ठरते. शुल्क हा खर्च पोलाद वापरणाऱ्यांवर टाकते. अनुदान तो सर्व करदात्यांत वाटते. १९२४ च्या कायद्याचे खरे मोल या जाणिवेत आहे.
४) २०२५ च्या भारतीय शुल्कात मुदत व उतरता दर आहे, लहान ग्राहकावरील भाराचा प्रश्न मात्र त्यात सुटलेला नाही.

शिफारशी :

१) शुल्कविषयक चौकशीत शेती अवजारे बनवणारे लघुउद्योग व ग्राहक यांची बाजू स्वतंत्रपणे नोंदवली जावी.
२) सुरक्षेसाठी आवश्यक असलेल्या विशिष्ट पोलादी प्रकारांना सरसकट शुल्काऐवजी मर्यादित मुदतीचे उत्पादन अनुदान द्यावे.
३) महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपल्या तालुक्यातील ट्रॉली, पत्रा व अवजारे व्यावसायिकांच्या खरेदी दरांची वर्षनिहाय नोंद ठेवावी. चौकशी मंडळापुढे मोठे उत्पादक आकडेवारीसह उभे राहतात. लहान ग्राहकाकडे आकडेच नसतात. शंभर वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने जकात मंडळात बसून देशाच्या पोलादाचा हिशोब तपासला. आपल्या जिल्ह्याचा हिशोब मांडणे हे आजच्या अध्यापकवर्गाच्या आवाक्यातील कार्य आहे.