‘इकडे बघा’ न म्हणता टिपलेला फोटो

घरातील वडीलधारे माणूस गेले की पहिल्या काही तासांतच एक शोध सुरू होतो. चौकटीत बसवण्याजोगा फोटो हवा असतो. कपाटे उघडली जातात, सगळ्यांचे फोन चाळले जातात आणि बहुतेक घरांत हाती लागतो तो एखाद्या लग्नातील समूहफोटोचा कापलेला कोपरा, नाहीतर आधार कार्डावरील ताठर चेहरा. ज्या आजीने पन्नास वर्षे सुपाने धान पाखडले, तिच्या हातात सूप असलेला एकही फोटो घरात नसतो. नातवंडांचे फोटो मात्र शेकड्यांनी असतात.

ही उणीव भरून काढण्यास महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला फोन, थोडा धीर आणि काही साध्या गोष्टींचे भान एवढे पुरते. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हे शिकावेच. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांनीही ‘आता या वयात काय’ असे म्हणून फोन बाजूला ठेवू नये. अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखे शिवणकाम, तर काहींना दोन्ही. आठवड्याला सरासरी पंधरा तासांहून अधिक वेळ त्यांनी त्यासाठी दिला. नवे कौशल्य मन लावून शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता, केवळ गप्पागोष्टींत वा सोप्या विरंगुळ्यात वेळ घालवणाऱ्यांपेक्षा सुधारलेली आढळली. अभ्यासातील मंडळी निरोगी होती, म्हणून याला विस्मरणाच्या आजारावरील उपचार समजू नये. तरीही उतारवयात काही नवे शिकण्याचे श्रम वाया जात नाहीत, हा दिलासा लहान नाही.

हातांना काम द्या

कॅमेरा समोर आला की आपले आजोबा टोपी सारखी करतात, पाठ ताठ करतात आणि श्वास रोखून बसतात. त्यांना हसू नका. त्यांच्या लहानपणी फोटो म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाणे, खर्च करणे आणि हलल्यास तो वाया जाणे असे होते. तो ताठपणा हा त्या प्रसंगाचा त्यांनी राखलेला मान आहे. ‘जरा हसा ना’ या आग्रहाने तो जात नाही. हातांना ओळखीचे काम मिळाले की आपोआप सैलावतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात असे प्रसंग वर्षभर चालून येतात. चैत्राच्या सुमारास अंगणात मोहफुले वाळत पडतात. फिकट पिवळसर फुले काही दिवसांत तांबूस होतात आणि आजी मधूनमधून ती हाताने पसरत असते. पावसाळ्यात रोवणीहून परतलेली माणसे सपरीत पाय धुतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नातू लाकडी नंदीबैल ओढत निघतो आणि आजोबा त्या बैलाच्या शिंगांना बेगड लावून देतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, लेकी माहेरी येतात. मंडईतील गर्दीपेक्षा नाटकाला निघण्यापूर्वी आईची साडी नीट करून देणारी लेक टिपा. घराचे खरे चित्र अशा क्षणी उमटते.

एक इशारा येथे आवश्यक आहे. मोहफुले वेचण्यासाठी पहाटे रानात जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होण्याच्या घटना या जिल्ह्यांत घडतात. फोटोसाठी कोणीही रानात जाऊ नये, ज्येष्ठांना तर मुळीच नेऊ नये. अंगणातले दृश्य पुरेसे आहे.

उजेड आधी पाहा

चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो हे आपणास सांगायला नको. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या दिवसांत ज्येष्ठांना फोटोसाठी अंगणात उभे करणे प्रकृतीस घातक आणि फोटोच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर फोटो काढावा. दुपारी काढायचाच असेल तर घरातील खिडकी किंवा दार शोधावे. खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड चेहऱ्याच्या एका बाजूने येऊ द्या. सुरकुत्यांना त्यात मार्दव येते. खिडकी व्यक्तीच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. अशा वेळी फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे फोन उजेड त्या जागेनुसार जुळवून घेतो.

फ्लॅश बंद ठेवा. मोतीबिंदू असलेल्यांना प्रखर प्रकाशाने त्रास होतो, शिवाय पहिल्याच लखलखाटाने सारी सहजता संपते. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट म्हणजे फोटोपूर्वी मऊ सुती कापडाने फोनची काच पुसणे. अनेक धूसर फोटोंचे कारण फोन नसून त्यावरचे तेलकट बोट असते.

चौकटीत काय ठेवावे, काय वगळावे

फोनच्या सेटिंगमध्ये पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा दाखवण्याची सोय असते. ती सुरू करा. पडद्याचे नऊ भाग होतील. माणसाला अगदी मधोमध न ठेवता एखाद्या उभ्या रेषेवर आणि डोळे वरच्या आडव्या रेषेजवळ येतील असे ठेवून पाहा. आजी उजवीकडे पाहत असेल तर उजवीकडे थोडी मोकळी जागा सोडा. ती नातवाकडे पाहत असेल तर त्या जागेत नातूही येऊ द्या. हा नियम शिकणाऱ्याच्या सोयीचा आहे. सवय झाल्यावर तो मोडायलाही हरकत नाही.

आपण स्वतः खाली बसा. आजी जमिनीवर बसून भाजी निवडत असताना उभ्याने काढलेल्या फोटोत तिच्या डोक्याची मांग दिसते, चेहरा दिसत नाही. तिच्या डोळ्यांच्या पातळीला आलात की फोटोतली नजरही बरोबरीची होते. झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे सरका. मग क्षणभर चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब, मागचे कॅलेंडर, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची बादली हे सारे एक पाऊल बाजूला सरकून टाळता येते. मात्र जे त्या माणसाचे आहे ते वगळू नका. आजोबांची काठी, पानाचा डबा, भिंतीला टेकवलेली सायकल हाही त्यांच्या चेहऱ्याचाच विस्तार आहे.

थांबणे हीच कला

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचे होते. छोटा कॅमेरा घेऊन, कोणाच्या डोळ्यांत न भरता ते वावरत. घरात हे आपल्याला अधिक सहज जमते, कारण आपण तेथलेच असतो. चौकट आधी ठरवा, फोन छातीपाशी स्थिर धरा आणि गप्पा चालू ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळे फोनकडे पाहतील, नंतर विसरतील. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे लक्ष द्या आणि विनोद संपल्यानंतरचा क्षण सोडू नका. खरे हसू बहुधा तेव्हा उमटते. मूल धावत असेल तर एकामागून एक फोटो काढण्याची सोय बहुतेक फोनांत असते, ती वापरून नंतर एक निवडावा.

ज्येष्ठ वाचकांनो, हात कापत असल्यास दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा, पाठ भिंतीला लावा आणि श्वास सोडताना फोटो घ्या. पडद्यावरचे बटण सापडत नसेल तर बहुतेक फोनांत आवाज कमी-जास्त करण्याचे कडेचे बटण तेच काम करते. तीन सेकंदांचा टायमर लावल्यास बोटाच्या दाबाने होणारी हालचालही टळते. प्रत्येक घरात फोटो काढणारी व्यक्ती फोटोत कधीच नसते. ती जागा आता आपण घ्या आणि सुनेला, लेकीला चौकटीत येऊ द्या.

संमती आणि मर्यादा

सहज टिपलेला फोटो म्हणजे चोरून काढलेला फोटो नव्हे. ‘आज दिवसभर मधूनमधून फोटो काढणार आहे, चालेल ना?’ असे सकाळीच विचारावे, नंतर काढलेले दाखवावे आणि नको म्हटलेला त्यांच्यासमोर पुसून टाकावा. रुग्णशय्येवरील, नळ्या लावलेले, अर्धवट वस्त्रांतील फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात पाठवण्याची सवय वाढली आहे. डॉक्टरांना जखम दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ज्यांना आज विरोध करता येत नाही, त्यांच्या वतीने नकार देणे हे काळजीवाहकाचेच कर्तव्य आहे. त्यापेक्षा त्यांचा हात आपल्या हातात असलेला फोटो काढा. आजारपणाची आठवण म्हणून तोही पुरे.

फोटो काढून झाल्यावर

तीस फोटोंतून तीन निवडा आणि ते कागदावर छापून घ्या. मागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. महिन्यातून एकदा ते घेऊन ज्येष्ठांजवळ बसा. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला ‘ओळखा पाहू, हा कोण?’ असे विचारू नका. उत्तर न आल्यास तिला अपमान वाटतो. ‘हा तुमचा नातू, तान्ह्या पोळ्याचा दिवस होता,’ असे आपणच सांगावे आणि ‘तुमच्या वेळी बैल कोण सजवायचे?’ असे विचारून गप्प बसावे. कदाचित एखादे नाव वर येईल, कदाचित केवळ बोट फोटोवरून फिरेल. दोन्ही स्वीकारावे.

येत्या रविवारी सकाळी एवढेच करून पाहा. काच पुसा, सपरीत खाली बसा आणि आई चहा गाळताना काही न बोलता थांबा. ‘इकडे बघा’ म्हणू नका. ती कपातून मान वर करील आणि तुम्ही कशाला बसलात असे विचारील, तेव्हा बटण दाबा.