समुद्र देतो, समुद्रच नेतो!

स्पेनच्या वायव्य टोकाला मुशिया नावाचे कोळ्यांचे एक छोटेसे गाव आहे. तिथल्या किनाऱ्याचे नावच मुळी ‘मृत्यूचा किनारा’. जहाजे गिळणारा समुद्र, डोलणारा दगड, वाऱ्यावर सुकणारी मासळी आणि सप्टेंबरातली जत्रा... अशा या गावाची ही ओळख.

स्पेन म्हटले की बैलांच्या झुंजी, फ्लामेंको नृत्य आणि रखरखीत ऊन डोळ्यांपुढे येते. गॅलिसियात पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाची मात्र चांगलीच फसगत होते. पोर्तुगालच्या डोक्यावर वसलेला हा प्रांत हिरवागार, पावसाळी आणि धुक्यात बुडालेला आहे. इथे गिटारपेक्षा ‘गाइता’ नावाचे पिशवीचे वाद्य अधिक वाजते. इथली गॅलिशियन भाषा पोर्तुगीजची जणू सख्खी बहीण. १९८१ पासून तिला या प्रांतात स्पॅनिशच्या बरोबरीने राजमान्यता आहे.

गॅलिसियाचा किनारा सरळ नाही. समुद्र जागोजागी जमिनीत खोलवर घुसला आहे. अशा खाड्यांना तिथे ‘रिया’ म्हणतात. कामारिन्यासच्या रियाच्या तोंडाशी खडकाळ जमिनीची एक चिंचोळी जीभ अटलांटिक महासागरात शिरते. तिच्यावरच मुशिया वसले आहे. एका बाजूला खाडीचे शांत पाणी आणि बंदर, दुसऱ्या बाजूला खवळलेला महासागर आणि मध्ये कॉर्पिन्यो नावाची टेकडी. टेकडीच्या आडोशाने घरे दाटीवाटीने उभी आहेत. वाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसांसारखी!

मुशियाच्याच हद्दीत तोउरिन्यान नावाचे भूशिर आहे. फिस्तेर्रा या शेजारच्या गावाच्या नावाचा अर्थ ‘भूमीचा शेवट’ असा असल्याने स्पेनचे पश्चिम टोक तेच, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात स्पेनच्या मुख्य भूमीचे अगदी पश्चिमेकडचे टोक म्हणजे तोउरिन्यान. वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, काही आठवडे असे येतात की युरोपच्या मुख्य भूमीवरचा शेवटचा सूर्यास्त याच कड्यावरून दिसतो.

एका रात्रीत १७२ बळी

या किनाऱ्याला ‘कोस्ता दा मोर्ते’ म्हणजे ‘मृत्यूचा किनारा’ हे नाव उगाच पडलेले नाही. पाण्याखाली लपलेले खडक, अचानक उतरणारे धुके आणि हिवाळ्यातली वादळे यांनी इथे किती जहाजे फोडली याची गणती नाही. १० नोव्हेंबर १८९० च्या रात्री ‘सर्पंट’ ही ब्रिटिश युद्धनौका खाडीच्या पलीकडच्या खडकांवर आदळली. १७२ खलाशी बुडाले आणि अवघे तिघे वाचले. किनाऱ्यावरच्या लोकांनी प्रेते गोळा करून तिथेच पुरली. ती जागा आजही ‘इंग्रजांचे कबरस्तान’ म्हणून ओळखली जाते.

या दुर्घटनेने सरकारला जाग आली. जवळच्या विलान भूशिरावर नवा दीपस्तंभ उभारला गेला आणि १८९६ मध्ये त्यात विजेचा दिवा लागला. विजेवर चालणारा हा स्पेनमधला पहिला दीपस्तंभ. खाडीच्या पलीकडून येणारा त्याचा झोत मुशियाच्या कोळ्यांना आजही वाट दाखवतो.

मुशिया हे नाव ‘मठवासी साधूंची भूमी’ या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानतात. गावापासून थोड्या अंतरावर मोराइमे येथे बाराव्या शतकातल्या मठाचे चर्च उभे आहे. त्याच्या भिंतीवर माणसाची सात महापापे रंगवलेली आहेत आणि त्यांच्या शेवटी साक्षात मृत्यू उभा आहे. या किनाऱ्याला शोभणारेच चित्र! संकटे इथे केवळ समुद्रातून आली असेही नाही. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याने गाव जाळले. गावकऱ्यांनी ते पुन्हा बांधले.

दगडाची होडी

गावाच्या टोकाला, जिथे लाटा थेट खडकांवर फुटतात, तिथे ‘विर्शे दा बार्का’ म्हणजे ‘होडीतल्या मारियामाते’चे देवालय आहे. त्यामागची कथा अशी सांगतात. येशूचा शिष्य संत याकोब धर्मप्रसारासाठी या भागात आला होता. कोणी ऐकेना, म्हणून तो खचून गेला. तेव्हा मारियामाता देवदूतांनी वल्हवलेल्या दगडी होडीतून समुद्रमार्गे आली. ‘तुझे काम वाया गेलेले नाही, आता यरुशलेमला परत जा,’ अशा शब्दांत तिने त्याला धीर दिला. तिची होडी मात्र इथेच राहिली.

त्या होडीचे अवशेष म्हणून देवालयासमोरचे प्रचंड खडक दाखवले जातात. ‘पेद्रा दे अबालार’ म्हणजे डोलणारा दगड. हा होडीचा सांगाडा. सुमारे नऊ मीटर लांबीची ही शिळा अशा बेताने टेकलेली होती की, माणसे तिच्यावर चढून तोल देऊ लागली की ती हलायची आणि घुमल्यासारखा आवाज करायची. निष्पाप माणसाच्याच पायाखाली ती डोलते, अशी श्रद्धा होती. संकट येणार असले तर ती आपोआप हलते, असेही म्हातारी माणसे सांगत. शेजारचा ‘पेद्रा दोस काद्रीस’ हे होडीचे शीड. त्याचा आकार मूत्रपिंडासारखा आहे आणि त्याच्याखाली वाकून जाण्यापुरती फट आहे. तिच्यातून नऊ वेळा पलीकडे गेले की कंबरेचे आणि मूत्रपिंडाचे दुखणे जाते, असा समज आहे. तिसरा दगड होडीचे सुकाणू.

अभ्यासकांच्या मते या दगडांची पूजा ख्रिस्ती धर्माहून जुनी असावी. लोकांना दगड सोडवेनात, तेव्हा धर्माने दगडांनाच आपल्या कथेत सामावून घेतले. आपल्याकडे शेंदूर लावलेल्या शिळेभोवती पुढे देऊळ उभे राहते, त्यातलाच हा प्रकार.

सप्टेंबरची जत्रा

सप्टेंबर महिन्याच्या दुसऱ्या रविवारच्या सुमारास इथे ‘रोमेरिया’ म्हणजे जत्रा भरते. एरवी शांत असलेले हे गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जाते. आसपासच्या खेड्यांतून, शहरांतून आणि परदेशी गेलेल्या गावकऱ्यांच्या घरांतूनही लोक येतात. मारियामातेची मूर्ती मिरवणुकीने निघते. गाइता आणि डफ वाजत असतात. खडकांवर पोरांची झुंबड उडते. मग सुरू होते खाणेपिणे. तांब्याच्या हंड्यात उकडून, वर ऑलिव्ह तेल आणि लाल मिरचीची पूड भुरभुरलेला ऑक्टोपस, मासळीचे सारण भरलेली ‘एम्पानादा’ आणि जोडीला स्थानिक पांढरी वाइन.

या जत्रेने साहित्यिकांनाही मोहिनी घातली. गॅलिशियन भाषेची थोर कवयित्री रोसालिया दे कास्त्रो तरुणपणी इथे आली होती. ‘समुद्राची लेक’ अशा अर्थाच्या नावाची तिची पहिली कादंबरी १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी मुशियाचीच आहे. फेदेरिको गार्सिया लोर्का हा विख्यात कवी मूळचा दक्षिणेतला. त्याने गॅलिशियन भाषेत केवळ सहा कवितांचे एक पुस्तक लिहिले. त्यातली एक या जत्रेवर आहे.

जत्रेचा आनंद खरा, पण तिच्यात एक हिशेबही दडलेला असतो. वर्षभरात समुद्रावर गेलेली माणसे परत आली, त्याबद्दलचे हे आभार. कोळ्यांनी नवस म्हणून वाहिलेल्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पूर्वी देवालयाच्या छताला टांगलेल्या असत.

वाऱ्यावरची मासळी

मुशियाचे पोट समुद्रावरच चालते. खडकांना चिकटणारे ‘पेर्सेबेस’ नावाचे कवचधारी प्राणी स्पेनमध्ये मोठ्या किमतीला विकले जातात. ते काढणारी माणसे लाट मागे सरकली की खाली उतरतात आणि पुढची लाट येण्याआत वर चढतात. क्षणाचा उशीर झाला तर जिवाशी गाठ.

वसई-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणारे बोंबील पाहिलेल्यांना मुशियातले आणखी एक दृश्य ओळखीचे वाटेल. समुद्रालगत लाकडी खांबांचे मोठे मांडव असतात. त्यांवर ‘काँग्रिओ’ नावाचा वामसारखा लांबलचक मासा उभा चिरून, वारा आरपार जावा म्हणून भोके पाडून टांगलेला असतो. हा वाळलेला मासा गॅलिसियात फारसा खाल्लाच जात नाही! तो जातो शेकडो किलोमीटर दूर, समुद्रापासून लांब असलेल्या आरागोन प्रांतातल्या कालातायुद शहरात. पूर्वी कालातायुदला तागासारख्या हेम्पचे दोर बनत. कोळ्यांना दोर हवे होते आणि त्या कोरड्या मुलखाला टिकाऊ मासळी हवी होती. त्या देवाणघेवाणीतून हा व्यापार रुजला. दोरांचा धंदा मागे पडला, पण कालातायुदचे लोक आजही हा मासा काबुली चण्यांबरोबर शिजवून चवीने खातात. मुशियात मात्र मासा सुकवणारी कुटुंबे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

पुरुष समुद्रावर गेले की घरी राहिलेल्या बायका उशीवर टाचण्या टोचून, लाकडी दांड्यांना गुंडाळलेल्या दोऱ्यांनी नाजूक लेस विणत. ही ‘कामारिन्यासची लेस’ आज स्पेनभर नावाजलेली आहे. समुद्राने हात आखडता घेतला की याच लेसवर चूल पेटत असे.

समुद्र काळा झाला तेव्हा

१३ नोव्हेंबर २००२ रोजी ‘प्रेस्टीज’ नावाचे २६ वर्षांचे जुने तेलवाहू जहाज वादळात सापडून या किनाऱ्यासमोर फुटले. त्यात सुमारे ७७ हजार टन जड इंधन तेल होते. जहाजाला बंदरात घ्यावे की दूर समुद्रात न्यावे, हा प्रश्न होता. सरकारने ते दूर नेण्याचा हुकूम दिला. सहा दिवस ते तेल सांडत भरकटत राहिले आणि १९ नोव्हेंबरला दोन तुकडे होऊन बुडाले.

तोवर मुशियाच्या खडकांवर डांबरासारखा काळा, चिकट थर चढला होता. लाटांचा नेहमीचा आवाजसुद्धा त्या थराखाली दबून गेला. पक्षी मेले आणि मासेमारीवर बंदी आली. जे गाव समुद्रावर जगत होते, त्याच्या हाताला काम उरले नाही.

सुरुवातीला गावकऱ्यांनीच फावडी, बादल्या आणि नुसत्या हातांनी तेल उपसायला सुरुवात केली. मग स्पेनभरातून आणि परदेशांतून हजारो स्वयंसेवक आले. पांढरे झगे घातलेल्या या माणसांच्या रांगांना लोकांनी ‘पांढरी भरती’ असे नाव दिले. काळ्या भरतीला पांढऱ्या भरतीचे उत्तर! ‘नुंका माइस’ म्हणजे ‘पुन्हा कधीच नको’ ही घोषणा गॅलिसियाभर घुमली. १ डिसेंबर २००२ रोजी प्रांताची राजधानी सान्तियागोमध्ये प्रचंड मोर्चा निघाला.

न्यायाला मात्र फार वेळ लागला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने पर्यावरणाच्या हानीबद्दल कोणालाच दोषी धरले नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जहाजाच्या कप्तानाला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. देवालयाच्या वर, टेकडीच्या उतारावर, मधोमध दुभंगलेली अकरा मीटर उंचीची एक शिळा २००३ पासून उभी आहे. आल्बेर्तो बान्युएलोस या शिल्पकाराच्या या कृतीचे नाव ‘आ फेरिदा’, म्हणजे ‘जखम’.

नाताळची आग

जखम भरत आली होती, तोच दुसरा घाव बसला. २५ डिसेंबर २०१३ च्या सकाळी, ऐन नाताळात, वादळी हवेत देवालयाला आग लागली. वीज कोसळल्याने ती लागली असे तेव्हा सांगितले गेले. छत कोसळले. १७१७ साली मिगेल दे रोमाय या शिल्पकाराने कोरलेली लाकडी वेदी जळून खाक झाली. जेमतेम दोन आठवड्यांनी, जानेवारी २०१४ मधल्या वादळाने डोलणारा दगड जागचा हलवला आणि त्याचा तुकडा मोडला.

देवालय पुन्हा बांधले गेले. वेदी परत येणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या जागी जुन्या वेदीचे भव्य छायाचित्र लावण्यात आले. लोक त्या छायाचित्रापुढे गुडघे टेकू लागले.

तरुण टिकतील का?

आता मुशियापुढचा प्रश्न वादळापेक्षा शांत, पण अधिक अवघड आहे. गॅलिसियाने पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे अर्जेंटिना, क्यूबा आणि स्वित्झर्लंडकडे पाठवली. मुशियाच्या सगळ्या खेड्यापाड्यांची मिळून लोकसंख्या पाच हजारांच्या आत आली आहे. बोटीवर जायला तरुण हात मिळत नाहीत.

आशेची एक वाट जमिनीवरून येते. सान्तियागोची जगप्रसिद्ध पदयात्रा पुरी केल्यावर अनेक यात्रेकरू आणखी सुमारे ८७ किलोमीटर चालून मुशियाला येतात. चालत आल्याचे प्रमाणपत्र गावाकडून त्यांना दिले जाते. तेलगळतीनंतर, २००३ मध्ये, सरकारने इथे मोठे पर्यटक निवास बांधण्याचे आश्वासन दिले होते. ते उघडायला २०२० साल उजाडले. सतरा वर्षांचा उशीर झाला, तरी काही घरांना गावातच रोजगार मिळाला.

पाहुण्यांवर सारे गाव जगेल का, हे अजून ठरायचे आहे. तोवर पहाटे बोटी सुटतात, मांडवांवर काँग्रिओ वाऱ्यावर झुलतो आणि हिवाळ्यात समुद्र गर्जू लागला की बायका खिडकीतून बंदराकडे पाहत राहतात. समुद्राने आजवर पुष्कळ नेले, हे मुशियाला पाठ आहे. पण त्याच्याकडे पाठ फिरवून जगता येत नाही, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक आहे.