‘शॅल’ या शब्दाचे अर्थ
इंग्रजीतील ‘शॅल’ हे सहायक क्रियापद ‘आय’ व ‘वुई’ यांच्यापुढे भविष्यकाळ दाखविते, असे आम्ही वर्गात शिकवितो. प्रश्नात आले की तेच ‘मी दार उघडू का?’ अशी विचारणा करते. ‘विल’ हा त्याचा जवळचा पर्याय; बोलण्यात आता बहुधा तोच येतो. कायद्यात मात्र ‘शॅल’ म्हणजे सामान्यतः ‘मस्ट’, बंधन. आणि ‘मे’ म्हणजे मुभा.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. बाबासाहेबांच्या संविधानातील मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी ‘शॅल’ होते. पण पुढचे क्रियापद ‘एंडेव्हर’, म्हणजे राज्य प्रयत्न करील, एवढेच. मुदत दहा वर्षांची. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नसे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वयोगटासाठी ‘शॅल प्रोव्हाइड’ असे शब्द पडले. प्रयत्न गेला, बंधन आले. त्याच वाक्यात ‘मे’ही आहे, पण ती मुभा शिक्षण कोणत्या रीतीने द्यावे एवढ्यापुरतीच. ती रीत ठरविणारा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.