दारू सोडवायची, पण न्यायचे कुठे?

तीन वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने आमच्या तालुक्याच्या गावातील विहारात माझे भाषण झाले. विषय व्यसनमुक्तीचा होता. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते, असे सगळे नेहमीचे मी बोललो. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी सांगितलं ते समदं खरं हाय. पर सोडवायची म्हंजी त्याला न्यायचं कुठं? एस्टीचं तिकीट कोणत्या गावाचं काढू?"

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे शाळेत शिकवतो, चळवळीत वावरतो, दारूवर शेकडो वेळा बोललो असेन. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. ते त्यानंतर मी धक्के खात शोधले. त्यातले जे उपयोगाचे आहे ते कार्यकर्त्यांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेख.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे त्यात नोंदले आहे. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस १८० मध्ये एक. उरलेल्यांचे काय होते ते आपण आपल्या वस्तीत रोज पाहतो. त्याला अहवाल लागत नाही.

आपल्याकडे दारूचा विचार बहुधा दोनच बाजूंनी झाला. गावाने म्हटले, यांची जातच पिणारी. आपल्या पुढाऱ्यांनी म्हटले, तू बाबासाहेबांचा नाव बुडव्या आहेस. पहिले बोलणे द्वेषातून आले आणि दुसरे कळकळीतून, पण दोघांनीही पिणाऱ्याला गुन्हेगारच ठरवले. रात्री गटारात उतरणारा सफाई कामगार शुद्धीत उतरूच शकत नाही, म्हणून पिऊन उतरतो. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात दिवसाचे चौदा-पंधरा तास राबलेले अंग रात्री दुखते. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादम उचल देतो, आणि त्या उचलीतली किती रक्कम दारूत जिरली हे हंगाम संपल्यावर हिशेबात कळते. याचा अर्थ पिणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही असा नव्हे. त्याच्या बायकोने जे सोसले त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. पण जाब देण्यासाठी माणूस आधी जिवंत आणि शुद्धीवर हवा.

प्रतिज्ञा ही निर्णयाची गोष्ट आहे. ज्याचे शरीर अजून दारूने ताब्यात घेतलेले नाही, त्याला ती पुरते. ज्याला सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात म्हणून नवटाक लागते, त्याच्या बाबतीत निर्णयाच्या आधी एक वैद्यकीय काम असते. ते आम्हाला ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत माझ्या चुलतभावाने जवळजवळ जिवाने मोजली.

दादा वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्या भाषणानंतर महिनाभरात आम्ही भावकीतल्या चौघांनी ठरवले, की आता याला सोडायचे नाही. घरातल्या खोलीत घातले, बाहेरून कडी लावली. वहिनी म्हणाली, "भावजी, मारू नका, पर बाहेर बी सोडू नका." पहिल्या दिवशी घाम, ओकाऱ्या, थरकाप. आम्हाला वाटले, विष उतरते आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटका आला, तोंडाला फेस, दातखीळ. शेजारच्या म्हातारीने कांदा हुंगवला. रात्री तो भिंतीवर किडे चालताना पाहू लागला, मेलेल्या आईशी बोलू लागला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, देवरशी बोलवा. तेव्हा कुठे आम्ही त्याला जीपमध्ये घातला.

हे सगळे वैद्यकशास्त्राला पूर्ण परिचयाचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीविरुद्ध आपला जोर वाढवून ठेवलेला असतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, भास, ताप आणि बेभानपणा ही सर्वांत धोक्याची अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येते आणि उपचार नसतील तर तीत माणूस मरतो. उपचार मात्र दुर्मिळ नाहीत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या गटातल्या गोळ्या डॉक्टर पहिल्या दिवशी पुरेशा देतात आणि मग रोज उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, इंजेक्शनने देतात; दारुड्याच्या अंगात ते संपलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्याकडे सलाइन ही सर्व रोगांवरची मात्रा समजली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. रुग्ण आणताना "साहेब, हा रोज पिणारा आहे, परवापासून बंद आहे" हे वाक्य डॉक्टरला आधी सांगावे. लाजून लपवू नये.

तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून तोडू नये. त्याच्यासाठी पहिले तिकीट रुग्णालयाचे.

कोणत्या रुग्णालयाचे? ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतो. पण जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते, आणि ते ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणीही येते. तो वार कोणता, हे ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर विचारून आपल्या विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे. एवढे काम कोणताही विद्यार्थी करू शकतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर उत्तमच, तिथे मानसोपचार विभाग असतो. आमच्या बाजूच्या लोकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी हे दोन रस्ते आहेत. दादाचे पहिले आठ दिवस अशाच एका सरकारी वॉर्डात गेले. खाट मिळेपर्यंत दोन रात्री फरशीवर गेल्या हे खरे, पण तो वाचला. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. "वेड्यांचे हॉस्पिटल" म्हणून माणसे घाबरतात, ते निष्कारण.

आठ-दहा दिवसांत शरीर मोकळे होते. मन होत नाही. त्यासाठी पुनर्वसन केंद्र लागते, आणि इथे एक गोष्ट आपल्या वाचकांच्या विशेष उपयोगाची आहे. केंद्रात आणि राज्यातही व्यसनमुक्तीचा विषय सामाजिक न्याय खात्याकडे आहे. म्हणजे ज्या समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या आपण शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृहासाठी झिजवतो, तिथेच जिल्ह्यातील अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांची माहिती मागता येते. सहायक आयुक्तांना साध्या कागदावर अर्ज करावा. न दिल्यास माहितीच्या अधिकारात मागावी. याच मंत्रालयाची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, आणि तीवर मराठीत बोलता येते.

पुण्याचे मुक्तांगण बहुतेकांनी ऐकलेले असते. अनिल अवचटांनी गर्दविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली हे केंद्र उभे केले. तिथला उपचार पाच आठवड्यांचा. बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे, हे महत्त्वाचे. कारण पिणारी बाई आपल्याही वस्तीत आहे आणि तिच्याविषयी आपण एक शब्द बोलत नाही. पण प्रत्येकाला पुणे झेपत नाही. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या उपक्रमाने २०१६ नंतर तालुक्यातालुक्यात व्यसनउपचाराचे दवाखाने चालवले. रुग्णाने शहर शोधण्याऐवजी उपचाराने तालुका गाठायचा, ही खरी दिशा. ती मागणी आपल्या निवेदनांत मला अजून दिसलेली नाही.

आता खासगी केंद्रांविषयी. महामार्गाच्या कडेला भाड्याच्या बंगल्यात पाटी लागते, "शंभर टक्के गॅरंटी, घरून उचलून नेऊ". दादा दुसऱ्यांदा पिऊ लागला तेव्हा वहिनीने गळ्यातले मोडून त्याला अशाच एका ठिकाणी घातले. मला विचारले नाही. मीही तेव्हा भाषणे करीत फिरत होतो. दीड महिना भेटू दिले नाही. मी अखेर पोचलो तेव्हा दादाचे डोके भादरलेले होते, पाठीवर वळ होते. चाळीस माणसांत एकही डॉक्टर नव्हता. आणि संडास धुण्याचे काम रोज ठरलेल्या तिघांकडेच होते. त्यातला एक दादा. बाकीचे दोघे कोण होते हे मी सांगायला नको. मी चालकाला विचारले, तर तो हसून म्हणाला, "यांना सवय असते, गुरुजी."

या देशात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. तो मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अशांना ठेवून उपचार करणारे केंद्र राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले असलेच पाहिजे. साखळीने बांधण्यास कलम ९५ नुसार पूर्ण बंदी आहे. कलम २० नुसार सक्तीने डोके भादरता येत नाही, सक्तीने काम करवून घेता येत नाही, आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढाला जायचे असेल तर जाऊ द्यावे लागते; डॉक्टर फार तर २४ तास, तेही ठरावीक कारणांसाठी, थांबवू शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि पहिली मुदत ३० दिवसांचीच असते. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणीचा दाखला पाहावा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो ते विचारावे, भेटीचा दिवस विचारावा, आणि आत जाऊन स्वयंपाकघर नि संडास बघून यावे. जो आत जाऊ देत नाही, तिथे माणूस ठेवू नये.

जेवणातून "गुपचूप" देण्याच्या पुड्यांच्या जाहिरातींनी आमच्या बायकांचे किती पैसे खाल्ले याचा हिशेब नाही. कित्येकींना कोणी तरी डायसल्फिरामच्या गोळ्या आणून देतो. हे औषध खोटे नव्हे. पण त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच ते द्यायचे असते. भाजीत कालवायची ही वस्तू नव्हे.

गर्द, गांजा वा झोपेच्या गोळ्यांत अडकलेल्या मुलांचे आईबाप पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४अ नुसार, अल्प प्रमाण बाळगल्याचा वा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकला तर ते काढून घेता येते.

दादा तिसऱ्या खेपेला सुटला. तीन खेपा म्हणजे नालायकी नव्हे. हा आजार मधुमेहासारखा उलटतो, आणि पहिले वर्ष सर्वांत अवघड. त्याला खरा आधार मिळाला तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेचा. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेली ही संघटना. फी नाही, नोंदवही नाही. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, म्हणून आमचे काही कार्यकर्ते नाक मुरडतात. मलाही ते खटकले. पण तो ईश्वर ज्याने त्याने आपल्यापुरता समजून घ्यायचा असतो, आणि दादाने समोर बसलेल्या माणसांनाच ती शक्ती मानले. तिथे आडनाव सांगत नाहीत, नुसते नाव. त्यांचा हेतू गुप्ततेचा आहे. दादाला मात्र आयुष्यात पहिल्यांदा अशी खोली मिळाली, जिथे आडनाव विचारून कोणी त्याची जात ओळखली नाही. आठवड्याला जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी एवढाच तिचा खर्च. तो भावकीने वाटून घेतला.

गेल्या दसऱ्याला मुकादम उचल घेऊन दारात आला. दादा आत होता. वहिनीने त्याला ओट्यावर बसवले, चहा दिला आणि सांगितले, की यंदा कोयता लागणार नाही. मुकादम म्हणाला, मग खाणार काय? त्याचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. रोजगार हमीच्या कामाचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, तारखेची पोच घेतली आहे, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही म्हणून बेकारी भत्त्याचा दुसरा अर्ज मी परवाच लिहून दिला.